इसम क्रमांक दोन

“आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही, म्हणून करूनच दाखवतो,” असं म्हणून अण्णांनी दोन्ही पाय टेबलाच्या कडेला टेकवले आणि खुर्चीसकट स्वतःला मागं लोटून दिलं.

खुर्ची फरशीवर आदळली. समोरच्या अधिकाऱ्यांच्या हातातला कप बशीवर नाचला आणि शेजारच्या खोलीतलं टाइपरायटर थबकलं. एकोणऐंशी वर्षांचा माणूस असा पडला की बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढं आधी रुग्णवाहिका उभी राहते. अधिकारी टेबलाला वळसा घालून धावले. सूनबाई मात्र जागची हलली नाही. तिनं मांडीवरची पिशवी फक्त या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर घेतली.

“उठा अण्णा. फरशी गार आहे.”

टेबलापलीकडून आधी टोपी वर आली, मग टोपीखालचा चेहरा, आणि त्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचं हसू.

“डोकं टेकलं का? नाही टेकलं. पडायच्या आधी श्वास सोडून द्यायचा असतो, साहेब. भरल्या छातीनं पडला तो मोडला. तिसऱ्या मजल्यावरून पडलो होतो एकदा, खिशात सहा अंडी. एकही फुटलं नाही.”

“गेल्या खेपेला दुसरा मजला होता,” सूनबाई म्हणाली.

“नंतर वाढवली ती इमारत.”

अधिकाऱ्यांनी खुर्ची सरळ केली, अण्णांना तिच्यात बसवलं आणि पुन्हा तसं काही होऊ नये म्हणून ती भिंतीला टेकवून ठेवली. जुन्या चित्रफिती जपणारं ते कार्यालय होतं. असल्या जागी सहसा धूळ पडते, माणसं नाही. सांडलेला चहा टिपून त्यांनी एक छापील कागद पुढं ओढला. त्यावर लिहिलं होतं: फीत एक, लांबी अकरा मिनिटं, प्रकार मूक विनोदी. खाली नायकाचं नाव ठळक अक्षरांत, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत ‘इसम क्रमांक एक ते चार, अनोळखी’.

“त्यातला इसम क्रमांक दोन म्हणजे मी,” अण्णा म्हणाले. “घरमालकाच्या वेशातला. मिशी खोटी, पोट खोटं, पडणं तेवढं खरं.”

त्या एका ओळीसाठी सूनबाईनं तीन अर्ज केले होते आणि आज दवाखान्यातून रजा काढली होती. ती परिचारिका होती. तिचा नवरा, म्हणजे अण्णांचा मुलगा, वडील बोलायला लागले की वर्तमानपत्र डोळ्यांच्याही वर धरायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला हा अण्णांचा जन्माचा खाक्या, तेव्हा घरात त्यांच्या कुठल्याच गोष्टीवर कुणाचा भरवसा नव्हता. तिचाही नव्हता. पण चार वर्षांपूर्वी खांदा धरून बसले म्हणून ती त्यांना आपल्या दवाखान्यात घेऊन गेली, आणि एक्स-रे दिव्यासमोर धरून डॉक्टर मोजतच राहिले. नऊ, दहा, अकरा. अकरा ठिकाणी मोडून जुळलेली हाडं.

“हे गृहस्थ रेल्वेखाली सापडले होते का?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “विनोदी चित्रपटात होते.”

त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं, की या माणसाच्या थापांच्या खाली कुठंतरी पक्की जमीन असली पाहिजे. साठ चित्रपट केले म्हणतात, आणि त्यातला एकही शिल्लक नाही. काही गोदामाच्या आगीत गेले. काही फिती कारखान्यात वितळवल्या आणि त्यांचे कंगवे झाले. “निम्मं आयुष्य माझं बायकांच्या केसांत अडकलंय,” अण्णा म्हणायचे आणि आपणच आधी हसायचे. मग वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात तिनं वाचलं, की जुन्या काळच्या त्या प्रसिद्ध नायकाची एक फीत त्याच्या मुलीला ट्रंकेत सापडली आहे. म्हातारा हयात असताना कुठल्यातरी कागदावर त्याचं नाव लागावं, एवढंच तिला हवं होतं.

“माझा विश्वास आहे हो,” अधिकारी फरशीकडं बघत म्हणाले. “आता तर आहेच. पण फीत नायकाच्या मुलीच्या, ताईंच्या मालकीची. त्या अकराला येतायत. त्यांनी सही केली तर फीत इथं राहील, नवी प्रत निघेल, पडद्यावर दाखवू, नावं भरू. नाही केली तर ती परत ट्रंकेत. आणि ट्रंकेत ती आणखी दोन उन्हाळे काढायची नाही. भुकटी होते त्यांची.” ते जरा घुटमळले, मग सूनबाईकडं वळले. “एक विनंती होती. ताई आल्यावर यांनी जरा कमी बोलावं.”

“ते माझ्या हातात असतं तर आमच्या घरात मला माझा स्वतःचा आवाज ऐकू आला असता,” सूनबाई म्हणाली.

कमी बोलायला सांगण्याला कारण होतं, आणि ते अण्णांनीच करून ठेवलं होतं. मूकपटाच्या प्रेक्षकांनी एक गोष्ट हेरली होती, की हा घरमालक, हा हवालदार, हा सावकार, जो कोण असेल तो, पडद्यावर आल्यापासून आपटेपर्यंत याचे ओठ म्हणून थांबत नाहीत. मध्ये संवादाची पाटी यायची ‘थांब, चोरा!’ एवढीच, आणि याचं तोंड मिनिटभर चाललेलं. तीसेक वर्षांपूर्वी एका साप्ताहिकाच्या माणसानं विचारलं, की अहो, एवढं काय बोलायचात? अण्णांनी ठोकून दिलं, “शिव्या! साठ चित्रपट तोंडावर शिव्या घातल्या त्याला. आवाज होता कुठं?” ते जसंच्या तसं छापून आलं. गाव पोट धरून हसलं. नायकाच्या घरी कुणी हसलं नसावं, कारण त्यानंतर त्या घराकडून ना कधी पत्र आलं, ना निरोप.

ताई अकराला पाच मिनिटं कमी असताना आल्या. साठीच्या, ताठ, हातात चामड्याची पर्स. अधिकाऱ्यांना त्यांनी नमस्कार केला, सूनबाईकडं मान हलवली आणि अण्णांच्या डोक्यावरून खिडकीकडं बघितलं.

“एवढीशी होतीस,” अण्णा कौतुकानं म्हणाले. “चित्रीकरण बघायला यायचीस आणि माझं खोटं पोट दाबून—”

“मला ‘अहो’ म्हणतात लोक,” ताई म्हणाल्या.

सूनबाईनं टेबलाखालून अण्णांच्या पायावर पाय ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

फिती जोडायची खोली मागच्या बाजूला होती. तिथं नेलपॉलिशसारखा तिखट गोडसर वास होता. एका लांब टेबलाच्या दोन टोकांना दोन चाकं, मधोमध हातभर रुंदीची दुधी काच, काचेमागं दिवा. हातानं दांडा फिरवला की फीत या चाकावरून त्या चाकावर जायची आणि काचेवर चित्र हलायचं. पांढरे हातमोजे घातलेली एक चाळिशीची बाई तिथं काम करत होती. फितीच्या कडेची फाटलेली छिद्रं सांधायची, तुटलेले तुकडे जुळवायचे, चित्राची एकेक चौकट भिंगाखाली धरून पुसायची, हे तिचं काम. कार्यालयात तिला सगळे ‘जोडणारी’ म्हणत.

“यांना ऐकू येत नाही,” अधिकारी म्हणाले. “सातव्या वर्षी तापात गेलं. पण समोर येऊन बोला, ओठांवरून सगळं कळतं. मागे आमचे मोठे साहेब अंगणात उभं राहून माझ्याबद्दल काय म्हणाले, ते यांनी मला खिडकीतून बघून सांगितलं. न सांगत्या तर बरं झालं असतं.”

जोडणारी हसली. ताईही किंचित हसल्या. अण्णा हसले नाहीत. त्यांनी काचेकडं बघितलं, जोडणारीकडं बघितलं आणि टोपी डोक्यावर घट्ट बसवली.

“सूनबाई, चल. घरी जाऊ.”

“काय?”

“पाठ भरून आली. मघाशी आपटलो ना.”

एकोणऐंशी वर्षांत हा माणूस पाठीबद्दल एका शब्दानं बोलला नव्हता. सूनबाईनं त्याला दाराशी गाठलं.

“साठांतला हा एकच उरलाय,” ती हळू आवाजात म्हणाली. “तीन अर्ज केले मी. आणि तो न बघता जायचं?”

“काय बघायचंय त्यात? मी पडतो. शेवट माहीत आहे मला.”

तरुणपणीचा स्वतःचा चेहरा बघायची धास्ती घेतली असेल, असं तिला वाटलं. दवाखान्यात आरसा नको म्हणणारी माणसं तिनं पाहिली होती. तिनं त्यांच्या कोपराला हात घातला तेवढ्यात मागून ताईंचा आवाज आला.

“बसू दे त्यांना. मला विचारायचंच आहे.”

अण्णा परत फिरले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. ताईंनी पर्स मांडीवर उभी धरली होती.

“तुम्ही ते छापून आणलंत ना, शिव्यांचं,” त्या म्हणाल्या, “ते बाबांना मी वाचून दाखवलं. दृष्टी गेली होती त्यांची तोवर, रोजचं वाचन माझ्याकडंच असायचं. वाचताना लाज वाटत होती मला. पण बाबा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, त्याला पत्र लिही. आभार मानलेत म्हणून सांग.”

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली आणि तिची कड बोटांनी चाचपू लागले, जणू कुठं उसवली आहे का ते बघत होते.

“टोमणा मारला त्यांनी, असं मी धरलं,” ताई म्हणाल्या. “पत्र काही लिहिलं नाही. तोंडात शिव्या घेऊन आयुष्यभर बाबांच्या पुढ्यात नाचलेल्या माणसाचे आभार कशाला? आता ही फीत चार लोकांना दाखवायची म्हणतात. लोक बघणार माझ्या बाबांकडं, आणि मला दिसणार तुमचं तोंड. आधी मी बघते, मग सहीचं ठरवते.”

अधिकाऱ्यांनी खिडकीचा पडदा ओढला. जोडणारीनं दांडा फिरवला.

काचेवर एक जिना उजळला, आणि जिन्याच्या वर खांद्यावर लांब शिडी घेतलेला एक तरुण रंगारी. मान वर, नजर आभाळात, चेहरा लहान मुलासारखा निष्पाप. ही नायकाची ख्याती होती. तो कधी खाली बघत नसे. पायऱ्या, पिंपं, खड्डे, कुत्री, सगळ्यांतून आभाळाकडं बघत निघायचा आणि कधी ठेचकाळत नसे. ठेचकाळायचे ते इतर. त्याच्यापुढं उलट्या पावलांनी, मुठी नाचवत, मिशी थरथरवत चालला होता जाडजूड घरमालक, आणि त्याचे ओठ अखंड हलत होते. रंगाऱ्यानं गर्रकन वळून शिडी फिरवली, घरमालकाच्या कानशिलात बसली, तो उठला, परत पुढ्यात आला, परत ओठ. अंगणात चुन्याचं पिंप होतं. रंगारी त्याच्या काठाला वळसा घालून पुढं गेला आणि खाली न बघता त्यानं एक लाथ झाडली. घरमालक पाठीवर पिंपात. चुन्याचा फवारा उडाला.

सूनबाई हसली. हसू आवरेनाच, आणि त्यात डोळ्यांतून पाणी का यायला लागलं ते तिला कळेना. हा माणूस खरंच होता तर. आणि काय पडत होता! हवेत क्षणभर बसल्यासारखा थांबून मग पडत होता.

ताई हसल्या नव्हत्या. त्या बाबांच्या तरुण चेहऱ्याकडं बघत होत्या.

“सांगा आता,” त्या म्हणाल्या. “माझ्यासमोर सांगा. काय म्हणत होतात त्यांना?”

बोला अण्णा, सूनबाई मनात म्हणाली. एवढ्या थापा मारल्यात, एक कामाची मारा. कौतुक करत होतो म्हणा. हवापाण्याच्या गप्पा मारत होतो म्हणा. इमारतीला मजले चढवणाऱ्याला एवढं जमू नये? अण्णांनी तोंड उघडलं, एकदा जोडणारीकडं चोरून बघितलं आणि मान दुसरीकडं वळवली.

“शिव्याच, ताई,” ते म्हणाले. “गाढवा म्हणायचो, बैला म्हणायचो. आणखी वाईट वाईट. तुमच्यापुढं कसं सांगू? माझ्या जिभेला हाड नाही, सगळ्या जगाला ठाऊक आहे.”

सूनबाईनं डोळे मिटले. ताईंनी अधिकाऱ्यांनी सहीसाठी दिलेला तो छापील कागद सही न करताच घडी करून पर्समध्ये घातला आणि पर्सचा खटका लावला.

“खोटं!”

आवाज सपाट होता आणि खोलीच्या मानानं मोठा होता. सातव्या वर्षानंतर जिनं स्वतःचा आवाज मापला नाही तिचा तो आवाज होता. जोडणारी टेबलाला वळसा घालून अण्णांच्या समोर येऊन उभी राहिली होती आणि त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

“खोटं बोलताय. एकही शिवी नाही. तीन आठवडे मी तुमचं हे तोंड जोडतेय. एकेक चौकट.”

“त्यांना ऐकू येत नाही हो,” अण्णा अधिकाऱ्यांना म्हणाले. घाईघाईनं म्हणाले. “जुनी फीत, ओरखडे पडलेली, त्यावर काय दिसणार—”

“मला वाटलं, नाचासारखी मोजणी असेल,” जोडणारी म्हणाली. ती परत दांड्याशी गेली होती. चाकं उलटी फिरली. चुना पिंपात परतला, घरमालक हवेतून सरळ पायांवर आला, रंगारी उलट्या पावलांनी जिना चढला. मग तिनं दांडा सावकाश पुढं फिरवला आणि हातमोज्यातलं बोट घरमालकाच्या मिशीखाली धरलं.

“पायरी,” ती वाचू लागली. “पायरी. आणखी एक. शेवटची. सपाट आहे आता. चार पावलं सरळ.” रंगारी आभाळाकडं बघत चार पावलं चालला. “फिरव शिडी. जोरात मार, माझी काळजी नको.” शिडी फिरली. “छान. उजवीकडं पिंप. हात लांब ठेव. अजून उजवीकडं नको. मी इथंच आहे. आता लाथ.”

दांडा थांबला. लाथ अर्ध्यातच राहिली.

“तेवढं प्रत्येक वेळी आहे,” जोडणारी म्हणाली. “‘मी इथंच आहे.’ अकरा मिनिटांत चौदा वेळा.”

काचेवरचा तरुण वर बघत थांबला होता. ताई उठून काचेपाशी गेल्या आणि खूप जवळून त्याचे डोळे बघू लागल्या.

“बोलपट आल्यावर दोन वर्षांनी गेली त्यांची दृष्टी,” त्या म्हणाल्या. कुणाला सांगत होत्या ते त्यांनाही ठाऊक नसावं. “घरात असंच सांगायचे सगळे. आईसुद्धा.”

अण्णांनी टोपीची कड आणखी एकदा पूर्ण फिरवून तपासली. बोलपट आला त्याच आठवड्यात दोघांनी काम सोडलं होतं, हे सूनबाईला माहीत होतं. “माझा आवाज ऐकून मायक्रोफोन लाजला, म्हणून सोडलं,” असं अण्णा सांगायचे आणि ती हजारदा हसली होती. आता तिला हसू आलं नाही. आवाज टिपणारं यंत्र समोर ठेवल्यावर ‘पायरी, पायरी, शेवटची’ असं कुणाला म्हणता आलं असतं? तिनं पुढं होऊन सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हाडं जुळून उंचवटा आला होता तो खांदा.

ताईंनी पर्स उघडली. कागदाची घडी मोडली, टेबलाच्या कडेवर तो तळव्यानं सरळ केला आणि सही केली. मग कागद फिरवून अण्णांपुढं ठेवला आणि बारीक अक्षरांच्या ओळीवर बोट टेकवलं.

“इथं तुमचं नाव लिहा. स्वच्छ अक्षरात. लोकांना वाचता आलं पाहिजे.”

अण्णांनी पेन घेतलं. एकेक अक्षर सुटं काढलं, त्यामुळं वेळ लागला. जोडणारीनं दिवा जरा पुढं सरकवला. अधिकारी शाई वाळायची वाट बघत उभे राहिले. नाव लिहून झाल्यावर अण्णांनी ते लांब धरून वाचलं, आणि परत एकदा वाचलं.

ताई त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

“अण्णा,” त्या हळूच म्हणाल्या, “काहीच दिसत नव्हतं ना त्यांना?”

अण्णांनी पेनाचं टोपण लावलं. छाती बाहेर काढली. बघता बघता त्यांच्या तोंडावर तो काचेवरचा घरमालक उतरला.

“कुणाला? तुमच्या बाबांना? काहीतरीच! घारीची नजर होती, ताई. शंभर हातांवरून माणसाच्या मनगटावरच्या घड्याळात किती वाजलेत ते सांगायचे. आणि घड्याळ मागं पडलं असेल तर तेही.”

ताईंनी पदरानं डोळे पुसले, आणि पुसता पुसताच त्यांना हसू फुटलं.

“किती हो खोटं बोलता तुम्ही!”